या महिन्याचा मासा

माझ्या मावशीला ऑफिसात कुलूपबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण मावशीला सगळं माहीत असतं आणि हे नाव तिला मनातून आवडतं. एका विमा कंपनीच्या संगणकांची आणि नेटवर्कची राखण करणं हे तिचं काम. कोणाचा पासवर्ड किती कच्चा आहे, कोण ऑफिसच्या मशीनवर सिनेमे उतरवतो, कोणी रस्त्यात सापडलेला पेन ड्राइव्ह आणून खुपसला, सगळ्यांच्या नाड्या हिच्या हातात. अशा माणसाला मित्र कमी असतात. मावशीला एकही नव्हता. पहारेकऱ्याला कशाला हवेत मित्र, असं ती वर आम्हालाच ऐकवायची.

आम्ही तिघी एकत्र राहतो, आई, मावशी आणि मी. आई डोळे तपासते. मावशीच्या ऑफिसच्याच इमारतीत तळमजल्यावर चष्म्याचं दुकान आहे. त्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत ती माणसांना उंच खुर्चीत बसवते आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. बाबा आम्हाला सोडून गेले तेव्हा मावशी आमच्याकडे राहायला आली, आणि साधारण तेव्हापासूनच आई कमी बोलायला लागली. शाळेतून आल्यावर मी चित्रं काढत बसायचे. घरात बोलायचं काम एकटी मावशी करायची, आणि ती तिघींचं मिळून बोलायची.

तिच्या खात्यात एक रिवाज आहे. अधूनमधून ती आपल्याच लोकांना खोटी मेल पाठवते. तुमचं पार्सल अडकलंय, तुमचं खातं बंद होणार आहे, इथे क्लिक करा. जो क्लिक करेल त्याचं वाकडं काही होत नाही, फक्त मावशीच्या पडद्यावर त्याचं नाव उमटतं. असं म्हणे सगळीकडेच करतात. खरा चोर यायच्या आधी घरातल्याच माणसाने कडी वाजवून बघावी तसं. पण बाकीच्या ठिकाणी फसलेल्या माणसाला बाजूला घेऊन चार शब्द समजावून सांगतात. मावशी त्याचा फोटो कॅन्टीनमधल्या मोठ्या पडद्यावर लावायची आणि खाली लिहायची, ‘या महिन्याचा मासा’. लोक जेवता जेवता हसायचे. मावशीचं म्हणणं होतं, चारचौघांत लाज वाटल्याशिवाय माणूस शिकत नाही.

एकदा गोडबोल्या गळाला लागला. हा तक्रार विभागाचा प्रमुख. गोडबोल्या हे त्याचं ऑफिसातलं नाव. विम्याचा दावा नाकारला म्हणून शिव्या घालत फोन करणाऱ्या माणसाला हा असा गार करायचा, की तो शेवटी याचेच आभार मानून फोन ठेवायचा. त्या वर्षी त्याची बढती व्हायची होती. मावशीने नेमकी मेल पाठवली, ‘बढतीची यादी, फक्त तुमच्यासाठी’. मेल सगळ्यांनाच गेली होती, पण उघडली त्याने. मग आठवडाभर कॅन्टीनमध्ये त्याचा हसरा फोटो. तो लिफ्टमध्ये शिरला की कोणीतरी माशासारखी तोंडाची उघडझाप करायचं. बढती दुसऱ्याला मिळाली. माशामुळेच हुकली की नाही कोण जाणे, पण त्याची तशी पक्की खात्री होती. तोंडाने मात्र तो सगळ्यांबरोबर हसत राहिला, आणि मावशी भेटेल तिथे त्याला, “काय, पोहताय ना?” म्हणून विचारत राहिली.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मला तो माणूसही माहीत नव्हता. पण त्याला मी माहीत झाले होते, आणि तीही मावशीचीच कृपा. दरवर्षी ती सगळ्या कर्मचाऱ्यांना सुरक्षेचं प्रशिक्षण देते. त्यात मुलांना इंटरनेटवर कसं सांभाळायचं हा एक भाग असतो. त्या भागात तिने मोठ्या ऐटीत माझं चित्रांचं खातं पडद्यावर लावलं. “बघा, ही माझी भाची. खरं नाव नाही, शाळा नाही, फोटो नाही. याला म्हणतात शिस्त.” कुलूप किती भक्कम आहे हे दाखवायला तिने घराचा पत्ताच वाटून टाकला.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या चित्रांवर एक मुलगी लिहायला लागली. तिने आपलं नाव निळी शाई असं ठेवलं होतं. माझ्याच वयाची, तिचेही आईवडील वेगळे झालेले, असं ती म्हणाली. बाकीचे लोक माझ्या चित्राखाली ‘मस्त’ लिहून पळायचे. ती लिहायची, “या बाईच्या हाताची बोटं तू अर्धीच का काढलीस? तिला काही धरायचं नाहीये का?” माझं चित्र इतकं निरखून आजवर कोणीच बघितलं नव्हतं. मी पाघळले. जे सांगायचं ते सांगितलं, नाही सांगायचं तेही सांगितलं. लिहून कंटाळा आला की गॅलरीत उभी राहून आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे. ती स्वतः कधीच बोलली नाही. घरात सगळे झोपलेले असतात म्हणायची.

काय बोलले ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मी म्हणाले, आई दिवसभर लोकांचे डोळे तपासते, आणि घरी आली की माझ्याकडे बघायला तिच्याजवळ डोळेच उरत नाहीत. मी म्हणाले, बाबा गेले तेव्हा आई त्यांना म्हणाली नाही की हिला घेऊन जा, आणि मलाही म्हणाली नाही की मी तुला ठेवून घेते. मी बाबांबरोबर गेले असते तर तिची पीडा टळली असती. हे मी रडत म्हणाले. आणखीही बरंच होतं. सगळं खरंच होतं असं नाही, पण त्या वेळी खरं वाटत होतं.

एक दिवस निळी शाईने हे सगळं मलाच परत पाठवलं. माझाच आवाज. खाली लिहिलं होतं की तुझ्या मावशीच्या घरच्या लॅपटॉपवर मी सांगते ती फाइल उघड, नाहीतर हे तुझ्या आईच्या फोनवर जाईल. मी विनवण्या केल्या. ‘प्लीज, आईला ऐकवू नकोस. मी रागात बोलले. ती आधीच थकलेली असते. तू म्हणशील ते करते, फक्त आईला नको.’ उत्तर आलं, ‘मला तुझी अडचण समजते. पण निर्णय तुझ्या हातात आहे.’

मी मावशीचा लॅपटॉप उघडून बसलेसुद्धा. संध्याकाळ होती, आई यायची होती, मावशी न्हाणीघरात होती. ती फाइल उघडली असती तर कंपनीचं नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईच्याच घरातून चोर आत शिरला असता. हात चालेना. मावशी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली, माझ्याकडे आणि लॅपटॉपकडे बघितलं आणि म्हणाली, “ठमे, काय झालं?” मी घडाघडा सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली नाही हे तिच्या बाजूने सांगायला हवं. माझा फोन घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, थोडं ऐकलं आणि म्हणाली, “यातलं काहीही पुसायचं नाही. एक अक्षरही नाही. उत्तर द्यायचं नाही. उद्या पोलिसांत जाऊ.”

“आईला न सांगता?”

“तू अजून लहान आहेस कायद्याने. ताई लागेल बरोबर.”

“मग नको. मावशी, आईला कळता कामा नये. कोणालाच ऐकवायचं नाही. शपथ घे.”

तिने शपथ घेतली. हे मी मुद्दाम सांगतेय.

“ही निळी शाई कोण आहे ते सापडेल तुला?” मी विचारलं.

“सापडेल म्हणजे? उंदराचं बीळ शोधायचाच पगार घेते मी.”

“मग तिला रडव. मी रडले ना, त्याच्या दुप्पट.”

मावशीचे डोळे चमकले. “असं रडवते,” ती म्हणाली, “की जन्मभर टाइप करताना बोटं थरथरली पाहिजेत.”

मला त्या क्षणी मावशी जगात सगळ्यांत आवडली. खोटं कशाला बोलू?

मावशीने एक फाइल तयार केली. नाव दिलं ‘नवे पासवर्ड’. आत काहीच नव्हतं, पण ती उघडली की कुठल्या नेटवर्कवरून उघडली याची मावशीला मुकाट्याने खबर जायची. मी निळी शाईला लिहिलं, तुझी फाइल उघडत नाहीये, पण मावशीच्या लॅपटॉपवरून ही सापडली, घे आणि मला सोड. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फाइल उघडली गेली. मावशीच्याच कंपनीच्या पाहुण्यांच्या वायफायवरून. तिथे प्रत्येकाला आपल्या ओळखपत्राच्या क्रमांकाने आत जावं लागतं. क्रमांक गोडबोल्याचा होता.

पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात. इथे ज्याला ठेच लागली तोच परत त्याच दगडावर आपटला. मावशीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी विचारलं, कोण हा माणूस, माझ्यावर कशाला उठला? तेव्हा तिने मला माशाची गोष्ट सांगितली. सांगता सांगता तिचं हसू कमी होत गेलं. पण थांबली ती पश्चात्तापाने नाही. तिच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं होतं.

“पुढच्या आठवड्यात प्रशिक्षण आहे,” ती म्हणाली. “तू फक्त बघ.”

प्रशिक्षणाचं रेकॉर्डिंग होतं. ज्यांना जमलं नाही त्यांनी नंतर बघावं म्हणून. त्या संध्याकाळी आई यायच्या आत मावशीने ते स्वयंपाकघराच्या टेबलावर मला लावून दाखवलं. ब्रेडला लोणी लावता लावता ती बाजूला उभी होती. लग्नाचा व्हिडिओ दाखवणाऱ्या माणसासारखी मधे मधे म्हणत होती, “आता बघ हं. आता.”

मोठा हॉल, ओळीने खुर्च्या, बहुतेक सगळ्या भरलेल्या. पडद्यावर माझ्या फोनमधली अक्षरं. नावांवर काळ्या पट्ट्या. मावशी माइकवर सांगत होती की या वर्षी आपण एक खरं उदाहरण घेऊ आणि ते वाचून दाखवू, म्हणजे अशी माणसं कशी बोलतात ते कानाला कळेल. धमकी देणाऱ्याच्या ओळी वाचायला तिने छपाई खात्यातल्या एका बुजऱ्या माणसाला उठवलं. मग तिसऱ्या रांगेकडे बोट केलं. “मुलीच्या ओळी तुम्ही वाचा. तुमच्या आवाजात गोडवा आहे.” लोक हसले. गोडबोल्या हसत हसतच उठला. पडद्याजवळ आला, पहिली ओळ बघितली आणि त्याचं हसू चेहऱ्यावर नुसतं टांगलेलं राहिलं.

त्याला नाही म्हणता येईना. काय कारण सांगणार? त्याने वाचायला सुरुवात केली, आणि मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मऊ, थोडा घसा बसल्यासारखा. निळी शाई अशी बोलते तर.

“‘प्लीज, आईला ऐकवू नकोस,’” तो वाचत होता.

“मोठ्याने,” मावशी म्हणाली. “मागे ऐकू जात नाही.”

“‘प्लीज, आईला ऐकवू नकोस.’”

“पुन्हा. ती मुलगी इतक्या थंडपणे बोलली नसेल हो.”

त्याने पुन्हा म्हटलं. त्याच्या कपाळावरचा घाम रेकॉर्डिंगमध्येसुद्धा दिसत होता. कॉलरशी बोटं गेली, कागद हातात नसल्यामुळे बोटांना काही धरायलाही नव्हतं. मला गोड वाटलं. अगदी जिभेवर साखर ठेवल्यासारखं. रड, मी म्हणत होते, रड की रे भामट्या.

मग पडद्यावर मी बोलण्याआधी कधीतरी लिहूनही पाठवलेला एक निरोप आला. आईचं आणि डोळ्यांचं वाक्य. मावशीने तेही घेतलं होतं. गोडबोल्याने ते माझ्या वतीने वाचलं, आणि हॉलमध्ये हशा पिकला. “वा, काय बोलते कार्टी!” कोणीतरी म्हणालं. हसणारे वाईट नव्हते. वाक्यच तसं होतं, ठसक्यात म्हटलं तर हसू येण्यासारखं. मी ते रडत लिहिलं होतं हे त्यांना कुठून कळणार?

शेवटी मावशी म्हणाली, “धन्यवाद, बसा. हा धमकी देणारा कोण आहे ते आपल्याला कळलंय. तो याच इमारतीत जेवतो.” गोडबोल्या खुर्चीत बसला तो खुर्चीची कड चुकवूनच. मावशीने तिथे रेकॉर्डिंग थांबवलं आणि ब्रेडचा तुकडा तोंडात टाकला.

“बघितलास चेहरा? फेडलं की नाही?”

“हे सगळ्यांना दाखवलंस?”

“नावं काळी केली होती. तुझं नाही, शाळेचं नाही, कोणाचंच नाही.”

“मावशी, तो तरी दुसरं काय करणार होता?”

“वेडी आहेस का? तो आणि मी सारखे?” ती दुखावली. खरंच दुखावली. तिने ताट उचललं आणि नळाखाली धरलं. तिला वाटलं होतं मी तिच्या गळ्यात पडेन. मलाही आदल्या दिवसापर्यंत तसंच वाटत होतं. पण माझ्या विनवण्या आता त्या माणसाच्या आवाजात माझ्या कानात बसल्या होत्या, मागे हशा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब कुणाच्या नावाने मारायची? मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पुढचं आईने मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या ऑफिसातली एक बाई नंबर वाढलाय का बघायला तिच्या खुर्चीत येऊन बसली. बोलकी होती. नाकावर ती तपासणीची जड चौकट, हनुवटी वर, आणि तोंड चालू. “तुमच्या बहिणीने काल काय मजा आणली हो! कुण्या पोरीचे निरोप वाचून घेतले. काय एकेक बोलली होती. म्हणे, आई दिवसभर लोकांचे डोळे तपासते आणि घरी आली की माझ्याकडे बघायला तिच्याजवळ डोळेच उरत नाहीत. तुमच्याच धंद्यातली कोणीतरी असणार बघा!” मावशीने नावं काळी केली, शाळा काळी केली, फोन नंबर काळा केला. दुसऱ्यांच्या चुका शोधून शोधून तिची नजर नावानंबरांवरच ठरलेली. आपली सख्खी बहीण त्या वाक्यात ढळढळीत बसलीय हे तिला दिसलं नाही.

आईने तपासणी अर्धवट टाकली नाही. या काचेतून स्पष्ट दिसतं की या, असं विचारत राहिली. नंबर लिहून दिला. मग दुकानाच्या मालकाला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि भर दुपारी घरी आली.

मी शाळेतून येऊन जेवत होते. ती समोर बसली, पर्सही खांद्यावरून काढली नाही.

“ते वाक्य तुझं आहे?”

मी ताट बाजूला सारलं.

“लोकांकडून ऐकलं,” आई म्हणाली. “आता तुझ्याकडून ऐकते. सगळं लाव.”

मी नको नको म्हणाले. तिने हात पुढे केला. मी फोन दिला नाही, मीच लावलं. दोघींनी शेवटपर्यंत ऐकलं. बाहेर कोणीतरी मोटार धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. आई मधे एकदाच बोलली, बाबांचा भाग आला तेव्हा.

“तुला घेऊन जा असं मी त्यांना म्हणाले नाही,” ती म्हणाली, “कारण ते हो म्हणाले असते तर?” मग जरा वेळाने, “आणि ठेवून घेते असं कशाला म्हणायचं? माझ्याच पोरीला?”

मग ती रडली. मी पण. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ज्या गोष्टीच्या धाकाने मी मावशीच्या लॅपटॉपपाशी जाऊन बसले होते, ती होऊन गेली होती. गोडबोल्याच्या हातात आता काहीच उरलं नव्हतं.

मावशी संध्याकाळी आली. आईने तिला एवढंच विचारलं, “छोटे, तू तिच्यापाशी शपथ घेतली होतीस?” मावशीने मान हलवली. आई म्हणाली, “मग त्याचं तोंड कशाला बघत बसलीस? हिचं बघायचंस.” एवढी मोठी कुलूपबाई, पण तिला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी मात्र दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सकाळी आई मला पोलिसांत घेऊन गेली. तिथल्या बाईंनी माझ्या फोनमधल्या सगळ्याची नक्कल उतरवून घेतली. काहीही न पुसल्याबद्दल शाबासकी दिली. पण त्यांचं काम त्यांच्या चालीने होणार होतं, आणि तोवर गोडबोल्या स्वस्थ बसला नव्हता. त्याचा फोन म्हणे पाण्यात पडला आणि खराब झाला. शिवाय त्याने मावशीविरुद्ध कंपनीकडे लेखी तक्रार केली. तक्रार कशी लिहावी हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? या बाईंचा माझ्यावर जुना डूख आहे, माझा फोटो लावून आधी माझी नाचक्की केली, आता कुठल्यातरी बनावट निरोपांचं नाटक रचून मला सर्वांसमोर खजील केलं. कंपनीने चौकशी बसवली.

मावशीला विचारलं गेलं, हे निरोप कोणाचे? ती सांगेना. मी शब्द दिलाय म्हणाली. शब्द पाळायचा मुहूर्त बघा! मुलीचं नाव नाही तर निरोप बनावट, निरोप बनावट तर बाई दोषी, बाई दोषी तर गोडबोल्या धुतल्या तांदळासारखा. तिची नोकरी जाणार होती आणि तो वर चढणार होता.

आईने मला विचारलं, “काय करायचंय तुला?” ती विचारायला लागली होती, आणि उत्तर येईपर्यंत थांबायला पण.

मी रात्रंदिवस तेच घोळवत होते. गप्प बसले तर मावशीची बरी खोड मोडणार होती. तिला चारचौघांतली लाज काय असते ते कळणार होतं, आणि त्या विचाराने मला बरं वाटायचं. पण मग तो सुटणार होता. त्याला बुडवायचं तर मावशीला वर काढावं लागणार होतं. यात मला कोणाचाच सूड धड मिळत नव्हता. बराच वेळ मी हेच धरून बसले होते की दोघांतला एक निवडायचाय. मग एकदा दात घासताना डोक्यात आलं, निवडायचं कशाला? जे झालं ते सगळं सांगायचं.

चौकशी त्याच हॉलमध्ये होती. लांब टेबलापलीकडे तीन वरिष्ठ, मधे एक पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. डाव्या हाताला मावशी, उजव्या हाताला गोडबोल्या, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मला बघून त्याला आधी कळलं नाही मी कोण. मी बोलायला लागले तेव्हा कळलं. माझा आवाज तर त्याला पाठ होता.

मी फोन टेबलावर ठेवला आणि माझं रेकॉर्डिंग स्वतः लावलं. आई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिच्याबद्दलचंच सगळं त्या हॉलमध्ये मोठ्याने वाजत होतं आणि ती हललीसुद्धा नाही, एकटक त्याच्याकडे बघत होती. या वेळी कोणी हसलं नाही. मग मी त्याच्या ओळी वाचल्या. सगळ्या, काळी पट्टी न लावता. तो टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिला.

“ही मुलगी पढवलेली आहे,” तो शेवटी म्हणाला. गोड आवाजातच. “मला यांची अडचण समजते, पण...”

“तेच वाक्य,” मी म्हणाले आणि फोन अध्यक्षबाईंकडे सरकवला. “इथे वाचा. तेच लिहिलंय.”

त्यांनी वाचलं. वायफायच्या नोंदी समोर होत्याच. फाइल कधी आणि कोणत्या ओळखपत्रावर उघडली त्याची नोंद मावशीची नव्हती, दुसऱ्याच खात्याची होती. गोडबोल्याने पाणी मागितलं. त्याचा आवाज फाटला होता. मी त्याच्याकडे पोटभर बघून घेतलं. मला दया आली नाही. यायला हवी होती असंही मला वाटत नाही.

“आणखी काही सांगायचंय, बाळ?” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“हो. माझ्या मावशीने माझ्यापाशी शपथ घेतली होती की कोणालाही ऐकवणार नाही. मग मला न विचारता हे दीडशे खुर्च्यांसमोर वाचायला लावलं. हेही लिहा.”

सगळे मावशीकडे बघायला लागले. कॅन्टीनच्या पडद्यावर लोकांना टांगणारी माझी मावशी. तिची मान खाली गेली नाही. तिने चष्मा काढला, पदराने पुसला.

“लिहा,” ती म्हणाली. “खरं आहे.”

गोडबोल्याला त्याच दिवशी घरी बसवलं आणि पुढे पोलिसांनी बोलावलं. फोन पाण्यात पडला तरी कंपनीच्या मशीनवर त्याने उघडलेलं निळी शाईचं खातं पाण्यात पडलं नव्हतं. मावशीची नोकरी राहिली, प्रशिक्षण तिच्याकडून काढून घेतलं, माशांचे फोटो बंद झाले. पण हे सगळं नंतर. त्या दिवशी चौकशी संपली आणि आम्ही तिघी लिफ्टमध्ये शिरलो. आई पुढे, दाराशी. मावशी माझ्या शेजारी.

“माझंही नाव घेतलंस,” मावशी म्हणाली.

“हो.”

“बरं केलंस. आता तरी राग गेला का, ठमे?”

“त्याचं मी फेडून घेतलं. तुझ्यावरचा आहे अजून.”

“म्हणजे त्याच्यापेक्षा माझ्यावर जास्त?”

“तो माझा कोण लागत होता?”